पाडवा ते अक्षय्यतृतीया यवतेश्वरच्या कड्यावर शिकारी पक्षी मोजायचेत, कोण कोण येणार?

डोंगरधार, सातारा
पाडवा तोंडावर आलाय म्हणून घाईत टाकतोय, शुद्धलेखन गोड मानून घ्या. मी आणि अजून दोघंतिघं मिळून असं ठरवतोय की पाडव्यापासून अक्षय्यतृतीयेपर्यंत जमेल त्या सकाळी यवतेश्वरच्या वरच्या कड्यावर बसायचं आणि उत्तरेकडे परत चाललेले शिकारी पक्षी मोजायचे. हॅरियर (लांब पंखांचे, माळावर जमिनीलगत उडणारे शिकारी), खरुची (छोटा ससाणा), बूटेड ईगल (छोटा गरुड), जे जाईल ते. ही मंडळी सप्टेंबर ऑक्टोबरात येतात, खटाव, माण, आटपाडी, जतच्या माळांवर हिवाळा काढतात, तेव्हा आपण गाड्या काढून फोटोला पळतो, पण मार्च एप्रिलात ती जातात कधी, कुठल्या वाटेनं, एकेकटी का घोळक्यानं, हे लिहून ठेवायला कोण बसत नाही. पाहुणा आला की ओवाळायचं आणि निघाला की दारापर्यंतसुद्धा जायचं नाही असलं चाललंय आपलं.

यवतेश्वर अशासाठी की गावाला लागून आहे, गाडी वर जाते, आणि धारेवरून दोन्ही अंगं दिसतात. उत्तरेला कण्हेरचं पाणी आणि वेण्णेचं खोरं, दक्षिणेला उरमोडीचं खोरं आणि सज्जनगड, पूर्वेला अजिंक्यतारा आणि खाली अख्खं सातारा.

विचारायचं एवढंच की किती वाजता बसायचं, घारी मोजायच्या का, आणि मुळात ह्यात काही अर्थ आहे का. शेवटचा प्रश्न माझ्या बायकोचा आहे.

सोनकी_विटा
मी येणार!! मी जॉर्जिया देशातल्या बातुमीचे व्हिडिओ बघून बघून वेडी झालेय, आकाशात नुसती रांगच्या रांग, दुर्बिणीत मावत नाहीत एवढे बझर्ड (रुंद पंखांचे शिकारी पक्षी), एका दिवसात हजारो. आपल्याकडे एप्रिलमध्ये तसं काही दिसतं का हो? थोडं कमी असलं तरी चालेल 🙂

तात्या_कराड
सोनकी, आधीच सांगतो म्हणजे वर येऊन हिरमोड नको. तसलं काही दिसणार नाही. थोडं कमी वगैरे नाही, लय कमी.

बातुमीला होतं काय, एका बाजूला काळा समुद्र, दुसऱ्या बाजूला कॉकेशसचे डोंगर, मध्ये चिंचोळी पट्टी. गरुड, बझर्ड, मोहोळ घारी हे जड अंगाचे पक्षी गरम हवेच्या खांबावर फुकट वर चढतात आणि मग पंख न हलवता पुढं घसरत जातात. पाण्यावर तसली गरम हवा उठत नाही म्हणून ते समुद्र टाळतात, आणि मग सगळेच्या सगळे त्या एका फटीतून जातात, एका हंगामात दहा लाखांच्या वर. तेही शरद ऋतूत बरं का. वसंतातलं बघायचं तर इस्राएलातलं एलात, आफ्रिकेतून परतणारे स्टेप बझर्ड आणि मोहोळ घारी तिथून लाखानं जातात, कारण तिथंही समुद्र आणि वाळवंटाच्या मधून वाट काढायची असते.

आपल्याकडं फट कुठाय? हे अख्खं दख्खनचं पठार आहे, जिकडं बघाल तिकडं ऊन आणि जमीन, पक्ष्याला कुठूनही जायला मोकळीक. शिवाय आपले मुख्य पाहुणे म्हणजे हॅरियर, त्यांना गरम हवेची फारशी गरज नाही, लांब पंख, हलकं अंग, सकाळी गार असतानासुद्धा पंख मारत निघतात, समुद्रावरूनही जातात. त्यामुळं डोंगराची धार त्यांना गरुडांएवढी बांधून ठेवत नाही. तासात दोन हॅरियर उत्तरेला गेले तर मी म्हणेन चांगला तास झाला. अशा बोलीवर यायचं असेल तर ये, मी पण येतोय.

रोखठोक
म्हणजे उन्हात बसून काहीही न दिसणे हा उपक्रम आहे तर. छान. हल्ली पक्ष्यांना सॅटेलाइट टॅग लावतात, घरबसल्या मोबाईलवर कळतं कुठं चाललाय. दुर्बीण घेऊन कड्यावर बसायचे दिवस गेले राव.

पाटणचा_पाव्हणा
मी चाळकेवाडीला पवनचक्क्यांच्या कामावर हाय, रोज पठारावर आस्तो, म्हनून दोन गोष्टी सांगतो. सकाळी धा वाजूस्तवर घार सोडली तर वर काय उठत न्हाय. धाच्या पुढं कडा तापला की एकेक गोल फिरत फिरत वर चढत्यात. दुपारी एक दीडनंतर कोकणाकडनं वारं चढतंय, मग कड्याला लागून पक्षी नुसता उभा ऱ्हातो, पंख पण हलवत न्हाय, खरुची तर एका जागी टांगल्यागत. आन एप्रिलच्या शेवटाला वळवाचं ढग आलं की लगेच खाली उतरायचं बगा, कड्यावर इजंला आपुनच उंच.

आन एक. वणवा लागला की त्या दिवशी घारी मोजू नका. कुठनं कुठनं येत्यात, धुराच्या कडंनं किडं उडत्यात ती खायाला. मोजनारा येडा हुईल.

डोंगरधार, सातारा
पाव्हणं, हे सोन्यासारखं सांगितलंत. मग साडेनऊला कड्यावर, दीडपर्यंत बसायचं असं धरू.

रोखठोक, टॅगचं म्हणाल तर टॅग एका पक्ष्याची गोष्ट सांगतो. तो कुठून कुठं गेला हे कळतं, पण ह्या वर्षी त्याच्यासारखे किती होते आणि दहा वर्षांनी किती उरले हे टॅग कसं सांगणार? दोन्ही लागतं.

सोनकी_विटा
तात्या, हिरमोड झाला थोडा पण येणार. घारींचं कळलं नाही. वणवा नसेल त्या दिवशी मोजायच्या का? साताऱ्यावर तर कायमच फिरत असतात.

तात्या_कराड
मोजायच्या, पण वेगळ्या रकान्यात. नियम साधा. जो पक्षी दक्षिणेकडून आला, आपल्या धारेवरून ओलांडून उत्तरेला गेला आणि नजरेआड होईपर्यंत वळला नाही, तोच प्रवासी. जो गोल गोल फिरून परत अजिंक्यताऱ्याकडं जातो, किंवा कचरा डेपोवर उतरतो, तो स्थानिक. शिक्रा, तिसा, कापशी, शाहीन ससाणा, सापमार गरुड, तुरेवाला सर्पगरुड हे बारा महिने इथं असतात, त्यांना त्याच जागेवरून दिवसात पाच वेळा बघाल आणि पाच लिहाल तर संध्याकाळी सातारा म्हणजे गरुडांची राजधानी होऊन बसेल. घारींत हिवाळी पाहुणी घारही असते, जरा मोठी, पंखाखाली पांढरा डाग ठळक, कानामागं काळपट, ती सरळ रेषेत उत्तरेला जाताना दिसली तर मात्र सोडू नका.

दुसरं, गोल फिरत असताना मोजायचं नाही. एका गरम खांबात चारपाच पक्षी फिरत असले की वरचा खाली, खालचा मागं, डोळे गरगरतात. थांबायचं. वर टोकाला पोचले की ते एकामागं एक बाहेर पडून घसरायला लागतात, रांगेनं, तेव्हा मोजायचं. जिथं खरोखर हजारो जातात तिथंही असंच मोजतात, हातात क्लिकर (दाबला की आकडा एकानं वाढतो ते यंत्र) घेऊन, खाली न बघता.

गुरुजी_मिरज
रोखठोक यांच्या प्रश्नाला थोडं सविस्तर उत्तर देतो, निवृत्त माणूस आहे, वेळ आहे.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात हॉक माउंटन म्हणून एक डोंगरधार आहे. शंभर वर्षांपूर्वी तिथं लोक बंदुका घेऊन बसायचे आणि जाणारे ससाणे गरुड खेळ म्हणून पाडायचे, खाली मेलेल्या पक्ष्यांच्या ओळी मांडून फोटो काढायचे. ससाणा म्हणजे कोंबड्यांचा चोर अशी समजूत, सरकार गोसहॉकच्या डोक्याला बक्षीस द्यायचं. १९३४ मध्ये रोझली एज नावाच्या बाईंनी तो डोंगर भाड्यानं घेतला, पुढं विकतच घेतला, आणि मॉरिस ब्राउन नावाचा रखवालदार नेमला. त्याचं काम बंदूकवाल्यांना परत पाठवायचं. आणि दिवसभर तिथं उभंच राहायचं तर तो मोजायला लागला. किती गेले, कुठले गेले, वारा कुठला होता.

आता गंमत बघा. त्यावेळी कोणाला डीडीटी ह्या कीटकनाशकाचं काही माहीत नव्हतं. मोजणी चालू राहिली, मधली युद्धाची काही वर्षं सोडून, आणि पुढं दिसायला लागलं की बाल्ड ईगल जातायत पण त्यांच्यात तपकिरी डोक्याची पोरं कमी कमी होतायत. म्हणजे म्हातारे आहेत, पिल्लं जगत नाहीत. रेचल कार्सन या लेखिकेनं १९६२ मध्ये डीडीटीविरुद्ध लिहिलं तेव्हा हेच आकडे पुरावा म्हणून वापरले, आणि १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली. ज्यानं पहिल्या दिवशी वहीत आकडा लिहिला त्याला ह्यातलं काय माहीत होतं?

आणि रोखठोक, त्या हॉक माउंटनवरसुद्धा वसंतात शरदाच्या मानानं फार कमी पक्षी दिसतात. येताना थंडी, भूक यात बरेच गळालेले असतात आणि उरलेले पसरून जातात. तरी तिथं एप्रिल मेमध्ये मोजतात.

रोखठोक
गुरुजी, मान गये. पण त्यांच्याकडं जायला निदान पक्षी तरी आहेत.

खटावकर
आमच्याकडं पण आहेत की. आमच्या माळावर जानेवारीत संध्याकाळी यायचं, सूर्य टेकला की चारी बाजूंनी हॅरियर येतात, जमिनीलगत, वितभर गवताच्या वर, आणि एकेक गवतात बसतो, झाडावर नाही जमिनीवर. दिवसभर नाकतोडे, टोळ, उंदीर असलं खातात, शेतकऱ्याच्या फायद्याचंच. गुजरातेत वेळावदरला ह्यांचा मोठा मुक्काम असतो, आपल्याकडं छोटे छोटे आहेत. फेब्रुवारी संपता संपता नर आधी गायब होतात, मग तपकिरी माद्या आणि पोरं उरतात, एप्रिल उजाडला की सामसूम. कझाकस्तान रशियाच्या गवताळ मुलखात जाऊन अंडी घालायची असतात त्यांना, उशीर करून कसं चालेल.

क्लिक_क्लिक_सांगली
खटावकर नेमकं कुठल्या माळावर? लोकेशन टाका ना प्लीज, पुढच्या सीझनला टेलीलेन्स घेऊन येतो, रूस्टचे, म्हणजे रात्रीच्या मुक्कामाचे, फोटो हवेत.

खटावकर
नाही टाकणार, राग मानू नका. मागं एका मुक्कामाची जागा कुणीतरी ग्रुपवर टाकली, पुढच्या शनिवारी संध्याकाळी गाड्या थेट गवतात घातल्या लोकांनी, हेडलाइट चालू, एकजण तर उठवून उडवतानाचा फोटो मिळावा म्हणून टाळ्या वाजवत चालत गेला. पक्षी अंधारात उडाले ते परत त्या गवतात आलेच नाहीत, आठवडाभर जाऊन बघितलं मी. जमिनीवर झोपणाऱ्या पक्ष्याला रात्री उठवलं की कोल्हा आहे, कुत्री आहेत, विजेच्या तारा आहेत. गवत पण दरवर्षी कमीच होतंय, कुठं नांगरलं, कुठं प्लॉट पाडले, कुठं सोलर. असेल तेवढं राहू द्या.

क्लिक_क्लिक_सांगली
बरोबर आहे, पटलं. मग कड्यावर येऊ का? तिथून फोटो काढायला तर हरकत नाही ना.

डोंगरधार, सातारा
कड्यावर खुशाल या, उलट पाहिजेच आहात. लांबचा, धुरकट, काळा ठिपका असलेला फोटो काढायची तयारी ठेवा, ओळख पटवायला तोच कामाला येतो. सुंदर फोटो मिळणार नाही ह्याची गॅरंटी.

सोनकी_विटा
बरं एक दाखवायचं होतं. काल सागरेश्वरला गेले होते, अकराच्या सुमारास एक पक्षी दक्षिणेकडून आला. फोटो नाही पण लगेच वहीत लिहिलंय ते जसंच्या तसं टाकते. "वरून तपकिरी, शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा एकदम चमकला, शेपूट लांब, आडव्या काळ्या रेघा. पंख वर उचललेले इंग्रजी व्ही सारखे, चारपाच वेळा पंख मारून मग घसरत जातो, अंग दोन्ही बाजूंना हेलकावे खातं. पंखाच्या टोकाला बोटं (सुटी दिसणारी पिसं) चार मोजली. खालून अंग फिकट, रेघा होत्या का नव्हत्या नक्की नाही. तोंडाजवळ मानेवर फिकट कड असल्यासारखी वाटली. थांबला नाही, उत्तरेला गेला." काय असेल?

तात्या_कराड
शाब्बास. मला फोटोपेक्षा हे आवडलं. व्ही आकारातले पंख, पांढरं बूड, चार बोटं, हे हॅरियर, आणि पाच बोटंवाला हेन हॅरियर नाही, तो तसाही इतक्या दक्षिणेला आपल्याकडं अपेक्षित नाही. उरले दोन, माँटेग्यू आणि पॅलिड. ह्या दोघांच्या माद्या आणि पोरं इतकी सारखी की चांगलेचांगले चकतात. मानेवरची फिकट कड स्पष्ट असेल, डोळ्यामागचा गाल गडद आणि त्याच्या मागं फिकट कॉलर, तर पॅलिड. नर असता तर सोपं होतं, माँटेग्यूच्या नराला पंखावर वरून काळा पट्टा, पोटावर तांबूस रेघा, पॅलिडचा नर जवळजवळ पांढरा, पंखाच्या टोकाला काळी पाचर.

खटावकर
कॉलर "वाटली" म्हणतेय म्हणजे पॅलिड धरायला हरकत नाही, आमच्याकडं पॅलिडच जास्त असतात.

तात्या_कराड
खटावकर, तुमच्याकडं जास्त असतात म्हणून तिनं पाहिलेला तोच, हे मला पटत नाही. अंगावरच्या रेघा तिला नक्की नाहीत, कॉलर वाटली. वहीत लिहायचं, हॅरियर, माँटेग्यू किंवा पॅलिड, मादी अथवा पोर. अशी नोंद म्हणजे कमीपणा नव्हे. मोठमोठ्या मोजणीच्या ठिकाणी "न ओळखलेला हॅरियर", "न ओळखलेला गरुड", "न ओळखलेला शिकारी" असे रकाने छापलेलेच असतात आणि रोज भरतात. ज्या तक्त्यात प्रत्येक पक्षी ओळखलेला असतो त्या तक्त्यावर माझा विश्वास बसत नाही.

खटावकर
बरं बाबा. पण मनात पॅलिडच आहे माझ्या.

नवा_गडी_वाई
नमस्कार, मी नवीन आहे, शाळेत शिकवतो, दुर्बीण आहे आठ बाय बेचाळीसची. मला वर आकाशात काहीच सापडत नाही, तुम्हाला कसं दिसतं? मागच्या वेळी कासच्या रस्त्यावर दोन तास थांबलो, घारी सोडून काही नाही, मान मात्र धरली.

तात्या_कराड
सर, मान वर करून बघताय म्हणून. पक्षी डोक्यावर येतो तेव्हा उशीर झालेला असतो. क्षितिजापासून सुरू करायचं. दुर्बिणीच्या गोलात खाली डोंगराची कड दिसली पाहिजे, वरचा भाग आकाश, आणि तसंच डावीकडून उजवीकडं सावकाश सरकायचं, परत येताना एक गोल वर. सज्जनगडापासून उरमोडीच्या खोऱ्यावरून पश्चिमेकडं, हा आपला मुख्य पट्टा, येणारा त्याच अंगानं येणार. मध्ये मध्ये दुर्बीण काढून नुसत्या डोळ्यांनी बघायचं. ढग असला तर त्या ढगावर बघायचं, पांढऱ्यावर काळा ठिपका चटकन दिसतो, निळ्या आकाशात गरुडसुद्धा विरघळतो.

आणि साडेबारानंतर फार जीव काढू नका. एप्रिल अखेरीस आपल्या अक्षांशावर सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो, पक्षीही सगळ्यात उंच तेव्हाच, आणि बघायचं झालं तर सूर्याच्या तोंडातच. सूर्याकडं दुर्बीण चुकूनही नको. खालून तापलेल्या कातळाची हवा थरथरते ती वेगळीच, लांबचा पक्षी पाण्यातल्यासारखा दिसतो.

पाटणचा_पाव्हणा
आमच्या चाळकेवाडीवर पण बसा की येक दिवस. च्या पाजतो.

गुरुजी_मिरज
पाव्हणे, चाळकेवाडीवर तर जगानं दखल घ्यावी असा अभ्यास झालाय. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुमच्या पठारावर काम केलं, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी आणि त्यांचे हल्ले, बिनपवनचक्कीच्या भागाच्या मानानं जवळजवळ चौपटीनं कमी. मग काय झालं तर गळ्याला रंगीत पंखा असतो तो सरडा तिथं बेसुमार वाढला. धाक नाही म्हणून माणूस जवळ गेला तरी लवकर पळेना, ताण कमी, पण गर्दीमुळं अंगानं हडकला आणि नरांच्या गळ्याचे रंगही फिके पडले. वरचा शिकारी बाजूला झाला तर खाली काय काय हलतं त्याचं हे उदाहरण आपल्या सातारा जिल्ह्यातलं आहे.

पाटणचा_पाव्हणा
गुर्जी सरडं लई हायती हे खरं, पायाखाली येत्यात मे म्हैन्यात. पन आमी काय करनार, आमचं पोट त्याच्यावर हाय. म्हनून तर म्हनतो हितं बसून मोजा, कुठल्या वाऱ्याला पक्षी चक्कीच्या रांगंकडनं जातो आन कुठल्या वाऱ्याला दरीकडनं, हे आमास्नी ठावं हाय पर कागदावर न्हाय.

डोंगरधार, सातारा
पाव्हणं हे तुम्हीच लिहायला घ्या. तक्ता पाठवतो. तारीख, कुठल्या तासात, वारा कुठला, ढग किती, काय गेलं, कुठल्या दिशेला. रोज जिथं उभे असता तिथूनच, जेवणाच्या सुट्टीतला अर्धा तास असला तरी चालेल, फक्त जागा आणि वेळ बदलू नका.

गुरुजी_मिरज
मी इकडं दंडोबाच्या डोंगरावर बसतो, भोशाच्या बाजूनं वर. उंची तुमच्याएवढी नाही पण पूर्वेला कवठेमहांकाळ जतचा माळ पसरलेला दिसतो. त्याच रविवारी त्याच वेळेत बसू. जतकडचे हॅरियर सरळ उत्तरेला जातात का आधी घाटाकडं सरकतात, ह्याचा थोडातरी अंदाज दोन ठिकाणांमुळं येईल.

सोनकी_विटा
गुरुजी मग मी तुमच्याकडे दंडोबालाच येते, मला जवळ पडेल. आणि अमूर ससाणा दिसेल का? तो माझा जीव की प्राण आहे, तेवढासा दीडशे ग्रॅमचा पक्षी आणि समुद्र ओलांडून आफ्रिकेला.

गुरुजी_मिरज
अवश्य ये, पाणी जास्त आण. अमूर मुख्यतः नोव्हेंबरचा. नागालँड मणिपूरकडं ऑक्टोबरात जमतात, तिथून निघाले की वाऱ्याच्या जोरावर आपल्या डोक्यावरून अरबी समुद्रावर, बहुतेकदा न थांबता. त्याच सुमाराला चतुरसुद्धा समुद्र ओलांडतात आणि ससाणे त्यांच्यावर गुजराण करत असावेत असं चार्ल्स अँडरसन या संशोधकांनी २००९ मध्ये मांडलं. २०१२ मध्ये नागालँडातल्या दोयांगला जाळ्यांत लाखभर मारले जात असल्याचं उघड झालं आणि गावांनी पुढच्याच वर्षी शिकार पूर्ण थांबवली, हे तर तुला माहीत असेल. परतीला एप्रिलच्या अखेरीपासून मेमध्ये सोमालियाकडून समुद्र ओलांडून येतात आणि थेट ईशान्येकडं. तेव्हा आपल्याकडं वळवाचे ढग. दिसला तर नशीब, आणि दिशा उत्तर नसून ईशान्य असेल हे लक्षात ठेव.

रोखठोक
एक विचारतो. समजा रविवारी बसलो आणि साडेनऊ ते दीड एकही पक्षी गेला नाही. तेव्हा काय लिहायचं? का तो दिवस सोडून द्यायचा?

डोंगरधार, सातारा
शून्य लिहायचं. हा धागा काढायचं खरं कारण तेच आहे. आपण पक्षी दिसला की नोंद करतो, ईबर्ड ह्या पक्षीनोंदींच्या साइटवर टाकतो, नाही दिसला की गप घरी. मग दहा वर्षांनी कोणी बघेल तर त्याला वाटेल सगळे रविवार भरगच्च होते. दहा ते अकरा शून्य, अकरा ते बारा एक हॅरियर, बारा ते एक शून्य, वारा नैर्ऋत्येचा, आकाश निरभ्र, बसलेली माणसं तीन. ही चांगली नोंद आहे. माणसं किती होती हे पण लिहायचं, तीन जोडी डोळ्यांना दिसतं ते एकट्याला दिसत नाही. आणि अमुक रविवारी इतके कमी का दिसले ह्याच्यावर लगेच बोंब नको, एका वर्षानं काही सिद्ध होत नाही.

रोखठोक
म्हणजे मी येऊन काही दिसलं नाही तरी माझी नोंद होणार.

तात्या_कराड
होणार. "बसलेली माणसं चार, पैकी एक बडबड्या."

रोखठोक
😂 येतो. क्लिकर माझ्याकडं द्या पण.

नवा_गडी_वाई
मी पण. सातवीची दोन पोरं मागं लागलीत, आणू का? पालकांना विचारलंय.

डोंगरधार, सातारा
आणा, नजर त्यांचीच चांगली असते. कड्याच्या टोकाला जाऊ द्यायचं नाही एवढी जबाबदारी सर तुमची, वाळलेल्या गवतावर पाय सटकतो. सगळ्यांनी टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, माणशी दोन लिटर पाणी, ताक मी आणतो. काडेपेटी, सिगारेट कोणी वर आणू नका, गवत कोळ झालंय. गाडी देवळाकडं लावून पुढं चालत. सतरंज्या दोन आहेत माझ्याकडं.

खटावकर
भाकरी पिठलं माझ्याकडं लागलं. तिखट किती करू?

तात्या_कराड
पोरं आहेत, बेतानं. ठेचा वेगळा बांधून आणा.